उद्या बांधतो, देवा



गोव्यात, पेडण्याच्या पुनवेला, आपण सगळे मिळून देवाला थाप मारतो. दरवर्षी तीच थाप, त्याच रात्री, हजारो साक्षीदारांसमोर. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो दचकतो. आपल्याला त्यात वावगं काही वाटत नाही, कारण आपले आजे-पणजेही हीच थाप मारत आले आणि ऐकून घेणारा देवही तोच आहे.

कोजागरीची रात्र. भगवतीच्या देवळासमोर, ते दोन दगडी हत्ती उभे आहेत तिथे, मुंगीला शिरायला वाट नसते. रवळनाथाचं आणि भूतनाथाचं तरंग, म्हणजे देवाचा खांब, लुगडी नेसून उभं राहतं, ढोल-ताशे टिपेला पोचतात आणि तरंग धरणाऱ्याच्या अंगात भार येतो. भूतनाथाची गोष्ट अशी सांगतात, की त्याला एका रात्रीत बांधून पुरं झालेलं देऊळ हवं होतं. गाव कामाला लागला. उजाडलं तेव्हा काम पुरं झालेलं नव्हतं. एवढीच गोष्ट. पण देव ते विसरलेला नाही. दर पुनवेला तो रागावतो, गाव सोडून रानाची वाट धरतो. मग माणसं त्याच्या मागे धावतात, विनवण्या करतात, की बांधतो देवा, नक्की बांधतो, पण आज नको, उद्या. त्या 'उद्या'वर भरवसा ठेवून तो माघारी येतो आणि पुढच्या पुनवेपर्यंत गप्प राहतो.

ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांना फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज दिनविशेष लिहायची सवय होती. तिथी, वार, आणि खाली एक ओळ. कधी टिळकांची पुण्यतिथी, कधी बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', म्हणजे ६ जानेवारी १८३२. आम्ही मुलं ती ओळ वहीत उतरवून घ्यायचो आणि विसरायचो. एका पुनवेच्या सकाळी मात्र त्यांनी लिहिलं, "आज भूतनाथाचं देऊळ झालं नाही." वर्गात हशा पिकला. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "झालेल्या गोष्टींचे दिवस सरकार पाळतं. न झालेल्यांचे गावाने पाळायचे असतात." त्या वयात मला ते कळलं नाही. आजचं हे व्याख्यान म्हणजे त्या एका ओळीवर मी उशिराने लिहिलेला निबंध आहे, असं समजा.

हल्ली दिनविशेष फळ्यावर येत नाही, फोनवर येतो. सकाळी उठावं तर आज कसला तरी जागतिक दिन असतोच. या दिवसांची मोजदाद करणारं 'चेझेस कॅलेंडर' नावाचं जाडजूड वार्षिक अमेरिकेत १९५७ पासून निघतं. त्यातले बरेचसे दिवस कुणा संस्थेने, कारखान्याने किंवा हौशी माणसाने स्वतःच जाहीर केलेले असतात. आपण नाकं मुरडतो. मीही मुरडत होतो, पण काही दिवसांची कुळकथा शोधली तेव्हा नाक सरळ झालं.

१९ सप्टेंबर हा 'समुद्री चाच्यांसारखं बोलण्याचा दिवस' आहे. १९९५ साली अमेरिकेत जॉन बाउर आणि मार्क समर्स हे दोन मित्र रॅकेटबॉल खेळत होते. एकाला दुखलं, तो चाच्यासारखा ओरडला, दोघांना गंमत वाटली आणि ही गंमत वर्षातून एकदा करायची असं ठरलं. ज्या दिवशी हे घडलं तो ६ जून. पण ती दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या चढाईची तारीख, तिची थट्टा नको म्हणून त्यांनी दुसरी तारीख धरली. ती म्हणजे समर्सच्या घटस्फोटित बायकोचा वाढदिवस; ही तारीख त्याच्या डोक्यात पक्की होती. सात वर्षं हा दिवस त्या दोघांपुरताच राहिला. २००२ मध्ये डेव्ह बॅरी या विनोदी लेखकाने त्यावर स्तंभ लिहिला आणि तो जगभर गेला. ही कथा मला आवडते. दुखापत, संकोच, तारखेची अडचण, आणि मग एका लिहिणाऱ्याच्या कानावर जाणं. आपल्या जत्रांच्या दंतकथाही याच वाटेने आल्या असतील, फक्त त्यांचा १९९५ कुठला ते आता सापडत नाही.

दुसरा दिवस १९ नोव्हेंबर, जागतिक शौचालय दिन. सिंगापूरच्या जॅक सिम यांनी २००१ मध्ये त्याच तारखेला शौचालयांसाठी जागतिक संघटना काढली. लोक हसले. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो दिवस अधिकृत केला. हा दिवस मास्तरांच्या व्याख्येत बसतो. जे अजून झालेलं नाही, त्याचा तो दिवस आहे.

आता आपल्याकडे येऊ. डिचोली तालुक्यातलं शिरगाव. वैशाख शुद्ध पंचमी. लईराईची जत्रा आता अडाण्यालाही माहीत आहे, वर्तमानपत्रांत अग्निदिव्याचे फोटो येतात. पण हा दिवस कशाचा, असं विचारलं तर फोटो काढणारे गप्प बसतात. सांगतात ते असं. सात बहिणी आणि एक भाऊ. लईराईने भावाला, खेतोबाला, विस्तव आणायला धाडलं. तो पोरांच्या खेळात रमला, उशीर झाला. घरात चूल थंड, बहिणीचा जीव कावलेला. तो आला तेव्हा रागाच्या भरात तिने त्याला लाथ मारली. मग पस्तावली. प्रायश्चित्त म्हणून निखाऱ्यांवरून चालेन, असं तिने ठरवलं. विस्तवावरून भांडण झालं, विस्तवातच त्याची भरपाई.

आपल्याकडे देवीच्या बहुतेक जत्रा राक्षस मारल्याच्या आनंदाच्या असतात. ही जत्रा रागावल्याच्या लाजेची आहे. आणि लाज एकट्या देवीची राहिलेली नाही. देवीचे भक्त, म्हणजे धोंड, व्रत धरतात, घरचं जेवण सोडतात, तळीत आंघोळी करतात, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचे हार आणि हातात रंगीत लोकरीने मढवलेला वेत घेऊन येतात. मध्यरात्री होमखण पेटतं आणि पहाटेच्या सुमारास निखाऱ्यांवरून धावणं सुरू होतं. त्यातल्या प्रत्येकाने वर्षभरात कुणाला तरी लाथ मारलेली असते, पायाने नसेल तर तोंडाने. २०२५ च्या मे महिन्यात याच पहाटे चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली. त्यानंतर अनेकांनी जत्रा आवरती घ्या असं म्हटलं. रस्ते रुंद करा, गर्दीची विभागणी करा, हे म्हणणं मला पटतं. जत्रा आटोपशीर करा, हे म्हणणाऱ्यांना मात्र ती कशासाठी भरते हे ठाऊक नसावं.

त्या सात बहिणींतली एक मीराबाई. ती म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण झाली, असं हिंदूही सांगतात आणि ख्रिस्तीही. तिचं फेस्त ईस्टरच्या रविवारनंतरच्या तिसऱ्या सोमवारी येतं. लईराईकडून तिला मोगरीची फुलं जातात, तिच्याकडून लईराईला तेल येतं. एक पंचांगावर चालते, दुसरी चर्चच्या कॅलेंडरवर. पण दोन्ही दिवस एकमेकांच्या आसपास पडतात, आणि कधी कधी तर एकाच आठवड्यात. बहिणींनी धर्म वाटून घेतला, नातं वाटून घेतलं नाही. कुठल्याही 'जागतिक बंधुभाव दिना'च्या ठरावात हे मावणार नाही.

हे दिवस पेडणे आणि डिचोली या आपल्या दोन तालुक्यांतच इतके दाट का, याचं उत्तर इतिहासात आहे आणि ते कोरडं असलं तरी द्यायला हवं. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख. तिथे सोळाव्या शतकात देवळं पडली आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं. १७३६ सालच्या हुकूमनाम्यात बाटलेल्यांनी दारात तुळस लावू नये, हिंदूंसारखा अळणी भात शिजवू नये इथपर्यंत बारकावे होते. म्हणजे मनाई करणाऱ्याने घराघरातल्या सणावारांची यादीच केली होती, आणि आज ती यादी अभ्यासकांच्या उपयोगी पडते हा काळाने उगवलेला सूड. डिचोली आणि पेडणे पोर्तुगिजांच्या हाती आले अठराव्या शतकाच्या अखेरीस. पेडणे तर १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून. तोवर तो आवेश ओसरला होता. नव्या काबिजादींतल्या रयतेला तिच्या रीतीभातींनिशी नांदू देणं राज्यकर्त्यांना सोयीचं होतं. त्यामुळे इथे दिवस जगले.

आणि त्यातले काही जगलेत ते पंचांगाला न जुमानता. डिचोलीत 'नवा सोमवार' म्हणून एक दिवस आहे. शांतादुर्गेची पालखी रात्रभर फिरते, वाटेत गाण्याच्या बैठकी रंगतात, उजाडेपर्यंत कुणी घरी जात नाही. सोमवार तो सोमवारच, दर आठवड्याला येणारा. पण हा नवा. मुंबईच्या एका मित्राला मी याचा अर्थ विचारला, तेव्हा तो म्हणाला, "तुमच्याकडे बाकीचे सोमवार सेकंडहँड असतात का?" श्रावणातल्या आयतारांचंही, म्हणजे रविवारांचंही, तसंच. बाया रानातून पत्री गोळा करतात, पाटावर सूर्य मांडून आयतार पूजतात. अवघ्या देशाला सुट्टी असलेला वार इथे व्रताचा आहे. दिवाळीच्या पाडव्याला धेनलो घेऊन पोरं घरोघर नाचतात, आत झेंडूत बसवलेला श्रीकृष्ण. सांखळीला चैत्री पुनवेला विठ्ठलापुरात वीरभद्र येतो. यातलं प्रत्येक स्वतंत्र व्याख्यान मागतं. मी ते देणार नाही, कारण मला साळला जायचं आहे.

साळ, डिचोली तालुक्याच्या टोकाला, दोडामार्गाच्या अंगाला. होळीपासून तीन रात्री तिथे गडे पडतात. गडे म्हणजे गावातलीच माणसं, दिवसा शेतात दिसणारी. रात्री मांडावर ती भारावतात आणि काळोखात डोंगराच्या दिशेने धावत सुटतात, कारण तिकडे देवचाराचे, म्हणजे गावच्या राखणदार भुताचे, उजेड दिसतात. काही गडे देवचार लपवून ठेवतो आणि ते मग परत आणले जातात. बघायला आलेल्यांनी बॅटरी लावायची नाही. मी एकदा बसलो होतो, डोंगराकडे तोंड करून. मला काय दिसलं ते मी सांगणार नाही. दिसलं म्हटलं तर विज्ञान परिषदेवाले रागावतील आणि नाही म्हटलं तर साळकर. एवढं खरं, की हजारो माणसं उजेड न लावता एका दिशेला बघत बसतात, असा दुसरा दिवस माझ्या आयुष्यात आलेला नाही.

शेजारच्या सत्तरीत झर्मे गावी शिमग्यात चोरोत्सव होतो. माणसं स्वतःला जमिनीत पुरून घेतात. गावाने एकदा निरपराध पोरांना चोर समजून मारलं, त्याची ही आठवण, असं सांगतात. कुठल्या नगरपालिकेने, कुठल्या सरकारने आपल्या हातून झालेल्या चुकीचा वार्षिक दिवस पाळला आहे? चुकीची चौकशी समिती नेमली जाते आणि समितीचा अहवाल कपाटात जातो. झर्म्याने अहवाल मातीत लिहिला आणि तो दरवर्षी वाचतात.

आणखी उत्तरेला, सीमेपलीकडे सिंधुदुर्गात, मालवण तालुक्यात आचरे. तिथली गावपळण. काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल होतो आणि सबंध गाव, गुरं-कोंबड्या, म्हातारेकोतारे, सगळे वेशीबाहेर. तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत. घरं रिकामी, रस्ते रिकामे. सुट्टी म्हणजे कामापासून सुटका असं आपण धरतो. आचऱ्यात गावालाच माणसांपासून सुट्टी मिळते. पुन्हा कौल झाला की परत. त्याची तारीख कुठल्याही दिनदर्शिकेत छापता येत नाही, कारण ती छापणाऱ्याच्या हातात नाही.

कौल हा शब्द आला तेव्हा मला दुसरा एक कौल आठवला. तो टाळला तर मास्तर वरून खडू फेकून मारतील.

१६ जानेवारी १९६७. गोव्याच्या लोकांनी ठरवायचं होतं, की महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळेपणाची दोन पानं. निष्पक्ष मतदान व्हावं म्हणून मुख्यमंत्री दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला होता. भाऊसाहेब जन्माने पेडण्याचे, १९११ चा त्यांचा जन्म, हे इथे सांगायची गरज नाही. मोजणी झाली: दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. आज गोव्यात हा दिवस 'अस्मिताय दीस' म्हणून पाळतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्याच कौलामुळे ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. पण पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांनी फुलाला मत दिलं होतं. तेव्हाच्या आमच्या घरी त्या आठवड्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मग एका घरात जो विजयदिन आहे, तो दुसऱ्या घरात काय आहे? हरलेल्यांनीही तो दिवस पाळावा, असं मी म्हणतो. देऊळ राहून गेलेल्या गावाने जशी पुनव पाळली, तसा. मार्चमध्ये त्याच मतदारांनी भाऊसाहेबांना पुन्हा सत्तेवर बसवलं, म्हणजे कौल मानून गाव पुढे चालू लागला होता.

या दिवसाचं दुसरं टोक ९ एप्रिल. त्या दिवशी कोकणीप्रेमी 'विश्व कोंकणी दीस' पाळतात. १९४६ मध्ये त्या तारखेला शणै गोंयबाब मुंबईत वारले. त्यांचा जन्म १८७७ साली झाला तो आपल्या डिचोलीत. मराठीचा बालेकिल्ला म्हणवणाऱ्या तालुक्यात कोकणीचा हा मोठा वकील जन्मला, याची आपण एकमेकांना फारशी आठवण करून देत नाही. मराठी व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून ती करून देतो, रागावणाऱ्यांनी चहाच्या वेळी भेटावं.

राहिलं तेरेखोल. पेडणे तालुक्याचा हा तुकडा नदीच्या पलीकडे, महाराष्ट्राला चिकटलेला. केरीहून फेरीबोटीने जावं लागतं. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची एक तुकडी या किल्ल्यात शिरली आणि तिने तिरंगा चढवला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगिजांनी त्यांना पकडलं. झेंडा उतरला. एका दिवसाचं स्वातंत्र्य. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पत्रादेवीला सत्याग्रही सरहद्द ओलांडू लागले तेव्हा गोळ्या झाडल्या गेल्या. मध्य प्रदेशातल्या सहोद्राबाई राय जखमी झाल्या, पंजाबचा तरुण कर्नैल सिंग मारला गेला. पत्रादेवीला आज हुतात्मा स्मारक आहे, महामार्गावरून जाताना बसच्या खिडकीतून दिसतं. म्हणजे देशाचा १५ ऑगस्ट १९४७ चा आणि पेडण्याचा १५ ऑगस्ट १९५४ चा, १९५५ चा. ध्वजवंदनाला पेढा खाणाऱ्या आपल्या पोरांना हे दोन आकडे कुणी सांगत नाही. देशाचा दिवस झालेल्या गोष्टीचा आहे. आपला, त्याच तारखेचा, राहून गेलेल्या गोष्टीचा. पुढे सहा-सात वर्षं राहून गेलेल्या.

शेवटची एक गोष्ट सरकारी दिवसांविषयी, आणि मी थांबतो. पोर्तुगीज अमदानीत १ डिसेंबरला सुट्टी असे, १६४० मध्ये पोर्तुगालने स्पेनचं जोखड झुगारलं म्हणून. ५ ऑक्टोबरला, १९१० मध्ये तिथे प्रजासत्ताक आलं म्हणून. १० जूनला कवी कामोंइशच्या नावाने. सालाझारच्या काळात या दहा जूनला 'वंशाचा दिवस' म्हणत. त्याच जूनच्या १८ तारखेला, १९४६ मध्ये, राममनोहर लोहियांनी मडगावला सभा घेतली आणि तो आपला क्रांतिदिन झाला. १९ डिसेंबर १९६१ नंतर ते सगळे पोर्तुगीज दिवस एका रात्रीत मेले. आमच्या आजोबांना कामोंइशचा दिवस पाठ होता, माझ्या नातवाला त्याचं नावही ठाऊक नाही. त्या वर्षांत पेडण्याची पुनव मात्र एकदाही चुकली असं मी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं नाही. सरकार कुठलंही असो, देऊळ तर झालेलंच नव्हतं.

अधूनमधून एखादा तरुण मला विचारतो, की आता पैसा आहे, यंत्रं आहेत, एका रात्रीत देऊळ उभं करता येईल, मग करून का टाकत नाही? मी त्याला म्हणतो, कंत्राटदाराला विचार. तो हसतो, पण पुढे काही बोलत नाही. मला वाटतं त्यालाही कळलेलं असतं, की देऊळ उभं राहिलं तर दुसऱ्या वर्षी भूतनाथ रानाकडे निघणारच नाही, आणि मग त्याच्या मागे धावायचं कुणी आणि कशाला.

कोजागरी जवळ आली आहे. माझे गुडघे आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत, डॉक्टरांनी जिनाही चढू नका म्हणून सांगितलं आहे. तरी त्या रात्री हत्तींपाशी मी उभा असेन. तरंग सुटलं की दहा-वीस पावलं तरी मागून धावेन. ओरडून काय सांगायचं ते पाठ आहे.